जुन्या एमजीबीला बाहेरचे आरसे बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघडता येणाऱ्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडात राहणारी आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांचा नाद लागलेली मराठी मंडळी मला बरेच प्रश्न पाठवतात. त्यांत इंजिनापेक्षा आरशांचे प्रश्न जास्त असतात, आणि ते मला पटतं. कार्ब्युरेटर चुकला तर पुन्हा जुळवता येतो. दाराच्या पत्र्यात पाडलेलं भोक चुकलं तर वेल्डिंग करणारा आणि रंगारी दोघांकडे जावं लागतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः एमजीबीची आहेत. इतर गाड्यांचं वेगळेपण शेवटी येतं.

१. माझ्या गाडीच्या दारांवर आरसे नाहीत, भोकंही नाहीत. काही गहाळ झालंय का?

बहुधा काहीच नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये बाहेरचा आरसा ही जादा वस्तू मानली जायची. गिऱ्हाईक मागेल तर डीलर गाडी ताब्यात देताना बसवून द्यायचा, नाहीतर मालक स्वतः दुकानातून लूकास, विंगार्ड, डेस्मो किंवा टेक्सचा आरसा आणून घरी लावायचा. म्हणून एकाच वर्षाच्या दोन गाड्यांवर आरसे वेगळ्या जागी दिसतात. ‘मूळ जागा कोणती’ याचं एकच उत्तर शोधत बसू नका. गाडीवर भोकं नसतील तर तुमच्या हाती कोरा पत्रा आहे. तो कोरा आहे तोवर प्रश्न ६ नीट वाचा.

२. कायद्याने किती आरसे लागतात?

ब्रिटनमध्ये सीमारेषा १९७८ च्या मध्याची आहे. त्याआधी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या खासगी गाडीला मागचं नीट दाखवणारा एक आरसा पुरतो, आत असो वा बाहेर. त्यानंतरच्या गाडीला चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, बाहेरचा आरसा हवाच. शिवाय आतला आरसा हवा, आणि आतल्यातून नीट दिसत नसेल तर डावीकडेही बाहेरचा हवा.

हा झाला कायदा. माझं मत विचाराल तर रोडस्टरला दोन्ही बाजूंना आरसे लावाच. छत चढवलं की मागे उरते प्लॅस्टिकची खिडकी. ती काही वर्षांत पिवळी आणि धुरकट होते, आणि पावसात आतल्या आरशातून मागच्या गाडीच्या दिव्यांपलीकडे काही कळत नाही. शिवाय आतला आरसा पुढच्या काचेच्या मधल्या उभ्या सळईवर बसलेला असतो, त्यामुळे सळई थरथरली की तोही थरथरतो. सायकलवाला डावीकडून येतो तेव्हा तुमचा डावा आरसा ही त्याचीही सुरक्षा असते.

३. गाडी १९७७ ला बनली, पण नोंदणी १९७९ ची आहे. कुठला नियम लागू?

कारखान्यातून निघाल्याची तारीख इथे कामाची नाही. गाडी पहिल्यांदा वापरात कधी आली ते बघतात. तुमची गाडी १९७८ नंतरच्या नियमात येते, म्हणून उजवा बाहेरचा आरसा काढून टाकता येणार नाही. शेवटच्या काळ्या रबरी बंपरवाल्या एमजीबींचे मालक गाडीला साठच्या दशकातलं रूप देताना दारावरचे आरसे उतरवतात, त्यांनी हे आधी तपासावं. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी चाचणीतून (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का ते तपासणाऱ्या) सूट आहे. पण सूट चाचणीची आहे. गाडी नियमात ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर राहतेच.

४. मडगार्डवर लावू की दारावर?

सर्वात जास्त वाद याच प्रश्नावर होतो.

मडगार्डवरचा आरसा त्या काळाला शोभतो, आणि त्याचा एक खरा फायदाही आहे: तो पुढच्या काचेतून दिसतो. रस्त्यावरून नजर फारशी न हलवता मागचं दिसतं, आणि पाऊस असला तरी वायपर ती काच पुसत असतो. दारावरचा आरसा बाजूच्या काचेतून दिसतो. ती ना पुसली जाते, ना तिच्यावर गरम हवा नीट पोचते. नोव्हेंबरच्या संध्याकाळी एमजीबी चालवलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

आता तोटे. डोळ्यापासून आरसा लांब गेला की त्यातून दिसणारी पट्टी अरुंद होते. दहा सेंटिमीटर व्यासाची सपाट काच डोळ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर असेल, जशी ती उजव्या दारावर असते, तर वीस मीटर मागे साधारण तीन मीटर रुंदीचं दिसतं. तीच काच दीड मीटरवर, म्हणजे मडगार्डवर, गेली की ती पट्टी जेमतेम दीड मीटरची होते. मोटरवेची लेन साधारण ३.६५ मीटर रुंद असते. म्हणजे मडगार्डवर छोटी सपाट काच लावली तर शेजारच्या लेनमधली अख्खी गाडी त्यात मावत नाही. म्हणून तिथे फुगीर काच लागते, आणि तिचा वेगळा हिशेब प्रश्न ५ मध्ये आहे.

दुसरा तोटा: आरसा जुळवायला दुसरं माणूस लागतं. कुणी पार्किंगमध्ये धक्का दिला की उतरा, फिरवा, बसा, बघा, पुन्हा उतरा.

तिसरा तोटा मला सर्वात मोठा वाटतो. मडगार्डवरच्या भोकाच्या बरोबर खाली चाकाची खोबण असते. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि चाक ते मिठाचं चिखलपाणी थेट त्या नटावर उडवतं. मी जेवढी जुनी मडगार्डं उतरवलेली पाहिली, त्यांत आरशाच्या भोकाभोवती रुपयाएवढा गंज नसलेलं क्वचितच एखादं होतं.

रोज किंवा दर आठवड्याला चालणाऱ्या गाडीला दारावरचे आरसे घ्या. प्रदर्शनापुरती बाहेर पडणारी, साठच्या दशकातली गाडी असेल आणि मडगार्डवर आधीच भोकं असतील, तर तिथेच लावा आणि खालून वॅक्सॉइलचा (गंज रोखणाऱ्या मेणाचा) जाड थर द्या.

५. सपाट काच की फुगीर?

सपाट काच अंतर खरं दाखवते, पण कमी जागा दाखवते. फुगीर काच जास्त जागा दाखवते, पण मागची गाडी लहान आणि लांब भासवते. किती लहान? आधुनिक गाड्यांच्या बाहेरच्या मुख्य आरशाची वक्रता त्रिज्या किमान १२०० मिलिमीटर असावी असा युरोपीय नियम आहे. तेवढ्या वक्रतेचा आरसा दारावर असेल, तर वीस मीटरवरची गाडी सपाट काचेतल्यापेक्षा जवळपास निम्मी दिसते. मडगार्डवर तोच आरसा ती जेमतेम एकतृतीयांश दाखवतो. जुने मडगार्डचे छोटे आरसे याहूनही जास्त फुगीर असतात.

उजवीकडे सपाट आणि डावीकडे फुगीर, ही जोडी मला सर्वात बरी वाटते. उजवीकडून आपण ओलांडून पुढे जातो, तिथे मागच्या गाडीचं अंतर खरं कळायला हवं. डावीकडे कुणी आहे की नाही एवढं कळलं तरी पुष्कळ. दोन्हीकडे फुगीर लावलेत तर लेन बदलण्याआधी आतल्या सपाट आरशात एकदा बघून अंतर ताडून पाहायची सवय लावा.

६. दारावर नेमकं कुठे?

मापपट्टी घेऊन ‘दाराच्या पुढच्या कडेपासून इतके इंच’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी माप सांगत नाही, कारण माप तुमच्या डोळ्यावर ठरतं. तुमची उंची, सीट किती मागे, पाठीचा कोन, गादी किती दबलेली, यांवर.

एमजीबीच्या दाराला पुढच्या कोपऱ्यात तिकोनी काच आहे, जुन्या फियाट-अँबेसिडरला असायची तशी. तिच्या मागे उभी चौकट आहे. आरसा त्या चौकटीच्या आड गेला की अर्धा दिसेनासा होतो. म्हणजे जागा दोनच: पुढे, तिकोनी काचेतून दिसेल अशी, किंवा मागे, चौकटीच्या पलीकडे मोठ्या काचेतून दिसेल अशी. पुढची जागा नजरेला सोपी, मागची हाताला सोपी, कारण काच खाली करून हात बाहेर काढला की आरसा जुळवता येतो. मात्र मागे घेतला तर मान जास्त वळवावी लागते.

माझ्या गाडीला पहिला आरसा लावला तेव्हा मी एका छायाचित्रावरून जागा घेतली. भोक पाडलं, आरसा घट्ट केला, सीटवर बसलो, आणि चौकटीची उभी पट्टी आरशाच्या मधोमध आली. ते भोक आजही रबरी बूच लावून आहे.

दुसऱ्या वेळी धाकट्या मुलीला मदतीला घेतलं. मी नेहमीच्या जॅकेटमध्ये, पट्टा लावून, हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो. ती बाहेर आरसा दारावर धरून उभी. “बाबा, इथे?” थोडं पुढे. “इथे?” अजून बोटभर. असं करत एका जागी मागच्या भिंतीवर खडूने काढलेली खूण आरशाच्या मध्यात आली, आणि चौकट बाजूला राहिली. तिथे तिने ब्लू-टॅकने, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने, आरसा चिकटवला आणि पेन्सिलीने भोवती रेघ मारली. तो आरसा आम्ही दोन दिवस तसाच ठेवून बघितला: छत उघडून, छत चढवून, काच वर, काच खाली. आरसा चिकटवलेल्या अवस्थेत गाडी रस्त्यावर मात्र नेऊ नका.

एवढं केल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

७. डावा आरसा उजव्याच्या बरोबर समोरासमोर हवा का?

दिसायला हवा, वापरायला नको. तुमचा डोळा गाडीच्या मध्यावर नाही. तो उजवीकडे आहे. ढोबळ हिशेब असा: आरसा डोळ्याच्या साठ सेंटिमीटर पुढे धरला, तर उजव्या आरशाची काच तुमच्याकडे साधारण १८ अंश वळवावी लागते, डाव्याची ३० अंश. काही बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या आरशांत काच तेवढी वळतच नाही. कवचाची कड आडवी येते. विकत घेण्याआधी हातात धरून आरशाचं डोकं किती फिरतं ते बघा.

दुसरी अडचण शेजारी बसलेल्या माणसाची. डावा आरसा मागे घेतला की त्याच्या खांद्याआड जातो. म्हणून डाव्या बाजूला तिकोनी काचेतून दिसणारी पुढची जागा बहुतेकदा बरी पडते. प्रश्न ६ ची परीक्षा डावीकडे करताना शेजारच्या सीटवर कुणाला तरी बसवाच.

समोरून गाडी बघणाऱ्याला दोन्ही आरसे चार-पाच सेंटिमीटर पुढेमागे आहेत हे सहसा कळत नाही. तुम्हाला मात्र डावा आरसा दिसतोय की नाही हे प्रत्येक वळणावर कळतं. तरीही दोन्ही समान हवेच असतील, तर आधी डाव्याची जागा ठरवा आणि उजवा त्याला जुळवा. उलट करू नका.

८. भोक पाडण्याआधी दार आतून उघडावं लागतं का?

हो. काच फिरवायचा दांडा आणि आतलं हँडल काढून दाराचं आतलं आवरण उतरवा. त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, तो पाणी अडवतो. आता टॉर्च लावून तीन गोष्टी बघा: तिकोनी काचेच्या चौकटीचा पाय दारात कुठपर्यंत उतरतो, मोठी काच खाली येताना बाहेरच्या पत्र्यापासून किती अंतरावरून जाते, आणि नट लावायला तुमचा हात तिथे पोचतो का.

काच पूर्ण वर ठेवूनच भोक पाडा. बसवून झालं की काच अगदी हळू खाली आणा आणि कान देऊन ऐका. खरखर ऐकू आली तर स्क्रू लांब आहे. तो कापा. ‘वापरता वापरता घासून बसेल’ म्हणून सोडलात तर काचेवर कायमची रेघ उमटते.

९. भोक पाडायची नेमकी पद्धत काय?

मास्किंग टेपचे दोन थर लावा आणि त्यावरच खूण करा. खुणेवर सेंटर पंचची हलकी एकच टिचकी, कारण पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड आहे. जोरात मारलात तर खळगा पडतो. ड्रिलच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर सोडून टेप गुंडाळा, म्हणजे ते आत घुसणार नाही. आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग स्टेप ड्रिलने, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणाऱ्या ड्रिलने, हव्या त्या मापाला वाढवा. साधं जाड ड्रिल पातळ पत्र्यात तीनकोनी भोक पाडतं आणि शेवटी अडकून हिसका देतं.

कडा बारीक गोल कानशीने साफ करा. मग उघड्या पत्र्याला जस्तयुक्त प्रायमर लावा, वर रंगाचा हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. घाई इथेच होते. आरसा समोर पडलेला असतो आणि रविवार संपत आलेला असतो.

आणि लोखंडाचा कीस. तो दाराच्या तळाशी जाऊन पडतो, पाणी निघायच्या छिद्रांत अडकतो, ओला होतो आणि गंजतो. वर्षभराने दाराच्या खालच्या कडेला तपकिरी फोड दिसतात आणि मालक रंगाऱ्याला दोष देतो. भोक पाडण्याआधी आतून त्या जागेखाली ओलं फडकं ठेवा, नंतर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या तळावरून फिरवा, मग व्हॅक्यूम लावा.

१०. स्क्रू, रिव्हेट-नट की आतून पट्टी?

दारासाठी आतून पट्टी. दीड-दोन मिलिमीटर जाड पत्र्याची छोटी पट्टी घ्या, तिला आटे पाडा, रंगवा आणि आतून बाहेरच्या पत्र्याला टेकवून तिच्यात स्क्रू आवळा. पत्र्याला आटे पाडत आत जाणारे स्क्रू दार आपटून आपटून सैल होतात. रिव्हेट-नट, म्हणजे भोकात घालून दाबून पक्के करायचे आटेदार नट, चांगले, पण पातळ पत्र्यात एखादा जागच्या जागी फिरायला लागला की काढणं जिकिरीचं होतं. हात पोचतच नसेल तरच ते वापरा.

टेक्स पद्धतीच्या आरशांत आधी छोटी बैठक दोन स्क्रूंनी बसते, तिच्यावर आरसा सरकतो आणि खालून अ‍ॅलन कीने एक बारीक स्क्रू आवळायचा असतो. त्या बारीक स्क्रूला ग्रीस लावल्याशिवाय आवळू नका, नाहीतर पाच वर्षांनी तो फिरणार नाही. बैठकीखालचं रबर कधीही गाळू नका. आवळताना आरसा हलायचा थांबला की अजून पाव फेरी, बस.

११. भोक पाडायचंच नाही. दुसरा उपाय?

दाराच्या कडेला पकडून बसणारे आरसे मिळतात. भाड्याने घेतलेल्या, विकायला काढलेल्या किंवा पत्रा अगदी मूळचा असलेल्या गाडीला ते ठीक. पण पकड जिथे बसते तिथे रंगाखाली ओल धरते, म्हणून आधी पारदर्शक संरक्षक फिल्म लावा आणि वर्षातून एकदा पकड काढून खाली बघा. दार बंद करताना ती चौकटीला लागत नाही ना, हेही तपासा. नुसत्या चिकटपट्टीवर आरसा कायमचा लावू नका. मोटरवेवर सुटलेला आरसा मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जातो.

१२. आरसा इतका थरथरतो की मागची गाडी एक आहे की दोन कळत नाही.

आधी कधी थरथरतो ते बघा. गाडी उभी असताना, इंजिन मंद फिरत असताना थरथरत असेल तर पत्रा लवचिक आहे. प्रश्न १० मधली पट्टी मोठी करा. ठरावीक वेगाला, ताशी पन्नास-साठ मैलांच्या आसपास, सुरू होऊन पुढे कमी होत असेल तर आरशाला हात लावू नका, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. सगळ्याच वेगांना थरथरत असेल तर आरशाच्या मानेतला, ज्यावर आरसा फिरतो तो गोळा सैल आहे. बहुतेक आरशांत काचेमागे किंवा दांड्याच्या बुडाशी तो आवळायचा स्क्रू असतो.

वेग वाढला की आरसा हळूहळू वळून आभाळ दाखवायला लागतो, ही तक्रारही याच गोळ्याची.

१३. आधीच्या मालकाने मडगार्डवर भोकं पाडलीत. बुजवू का?

खालून बघा. गंज नसेल तर रबरी बूच लावा, वॅक्सॉइल द्या आणि गाडी पुढच्या वेळी रंगाला जाईल तोवर थांबा. गंज असेल तर बूच म्हणजे जखम झाकून ठेवणं. पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल. पुट्टी भरून वरून रंग देणारे असतात. मला एकाने असं करून दिलं होतं आणि दोन हिवाळ्यांत ती पुट्टी गोल चकतीसारखी निघून हातात आली. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टांवर बसतात, म्हणून खूप खराब असेल तर ते अख्खं बदलणंही शक्य आहे.

१४. जुना अस्सल आरसा घ्यावा की नवीन नक्कल?

जुन्या आरशांचं अंग बहुधा मझाकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाचं असतं. त्यावरच्या क्रोमखाली एकदा पुरळासारखे फोड आले की ते पुन्हा क्रोम करणं अवघड आणि खर्चिक. मात्र फोड नसलेला जुना आरसा मिळाला तर सोडू नका. मानेचा गोळा आणि आटे चांगल्या कामाचे असतात. काच डागाळली असेल तर काच कापणाऱ्याकडून बदलून घेता येते. स्वस्त नकलांत आटे पहिल्याच आवळणीत उखडतात. नवीन घेताना स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि जोडी एकाच वेळी घ्या. वर्षभराने तोच नमुना किंचित वेगळ्या बैठकीचा येतो आणि भोकं जुळत नाहीत.

१५. माझी गाडी अमेरिकेतून परत आणून उजव्या स्टिअरिंगची केली आहे. आरसे तसेच ठेवू?

तसेच ठेवू नका. त्या गाडीचा डावा आरसा डावीकडे बसणाऱ्या चालकासाठी लावलेला आहे. तुमच्या बाजूने तो चौकटीआड किंवा शेजारच्याच्या खांद्याआड जाण्याची शक्यता मोठी. प्रश्न ७ ची परीक्षा करा. कधी कधी जुनी बैठक ठेवून लांब दांड्याचा आरसा लावला की नवं भोक पाडावं लागत नाही. आधी तो प्रयत्न करा.

१६. पत्रा पोलादी नसेल तर?

चुंबक लावून बघा. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ऑस्टिन-हीली ३००० ची मडगार्डं पोलादी, पण बॉनेटभोवतीचा पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियमला दुसरा धातू थेट टेकला आणि पाणी आलं की पांढरी भुकटी सुटते आणि पत्रा खाल्ला जातो. तिथे नायलॉनचे वायसर, जाड रबर आणि स्क्रूला संरक्षक पेस्ट, तिन्ही लावा. एमजीए रोडस्टरच्या दारांना काचा नसतात, वरून बसणारे पडदे असतात. पडदा चढवून बघितल्याशिवाय दारावर जागा ठरवू नका.

लोटस इलानचं अंग फायबरचं. तिथे सेंटर पंच वापरूच नका, वरचा थर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो. टेप लावून, मंद वेगाने, धारदार ड्रिलने भोक पाडा, आणि आत रुंद पट्टी द्या, म्हणजे ताण एका बिंदूवर येणार नाही.

१७. ई-टाइप, स्पिटफायर किंवा फ्रॉगआय स्प्राइटच्या मडगार्डवर लावता येईल?

या गाड्यांत मडगार्ड आणि बॉनेट एकच तुकडा आहे आणि तो अख्खा उघडतो. आरसा त्याच्याबरोबर वर जातो, आणि दर वेळी बॉनेट बंद केलं की कोन किंचित बदलतो. शिवाय एवढा मोठा पत्रा बिजागऱ्यांवर आणि कडीवर टेकलेला, म्हणजे थरथर जास्त. फ्रॉगआयचं बॉनेट मागच्या बाजूने बिजागरीवर आहे. ते पूर्ण उघडून आरसा पुढच्या काचेला भिडत नाही ना ते बघा. या तिघींनाही मी दारच सुचवतो.

१८. भारतातल्या गाडीसाठी काही वेगळं?

आपल्याकडेही चालक उजवीकडे बसतो, म्हणून कोनांचा हिशेब तोच. वेगळेपण डाव्या बाजूचं. आपल्याकडे कित्येक वर्षं गाड्या फक्त उजवा आरसा घेऊन विकल्या जायच्या, आणि डाव्या आरशाची सवय पुष्कळांना उशिरा लागली. पण पुण्यात किंवा मुंबईत डावीकडूनच दुचाक्या घुसतात, त्यामुळे तिथे डावा फुगीर आरसा उजव्याइतकाच गरजेचा आहे. समुद्राकाठी, मुंबईत किंवा गोव्यात, प्रश्न ९ मधला प्रायमर आणि कीस साफ करणं इंग्लंडइतकंच मनावर घ्या. खारी हवा तिथे बारा महिने आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. त्यासाठी गाडीचा सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावे लागतात. त्या काळाला साजेसा आरसा लावा आणि जुने फोटो जपून ठेवा.

१९. गाडी मी आणि बायको दोघं चालवतो. तिची सीट बरीच पुढे असते. जागा कुणाच्या डोळ्याने ठरवायची?

दोघांच्या. सीट पुढे-मागे सरकली की डोळा आठ-दहा सेंटिमीटर सहज हलतो, आणि एकाला मोकळा दिसणारा आरसा दुसऱ्याला तिकोनी काचेच्या चौकटीआड जातो. दोघांनी आळीपाळीने बसून आरशाची दिसणारी पट्टी टेपवर दोन रंगांच्या पेन्सिलींनी आखा. दोन्ही रेघांच्या मधली जागा घ्या. अशी सामाईक जागाच निघाली नाही तर पुढे बसणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरवा. मागे बसणाऱ्याला जरासं पुढे वाकून बघता येतं. स्टिअरिंगला चिकटून बसलेल्याला मागे सरकायला जागा नसते.